कारभारी जाझवाला

पोलीस ॲक्शन झाली त्या साली कारभारी औताडे सोळा वर्षांचा होता. निजाम गेला म्हणजे नेमकं काय झालं, हे दौलताबादच्या थोरामोठ्यांनाही धड सांगता येत नव्हतं. कारभारीला एवढंच कळलं, की छावणीत पेरूला गिऱ्हाईक राहिलं नाही. जुनी पलटण उठून गेली होती आणि नवी अजून यायची होती. तरी बाप पुंजाराम त्याला बैलगाडीत पेरू भरून छावणीच्या बाजारात पाठवायचाच. औताड्यांच्या घरात एकदा सुरू झालेली गोष्ट राज्य बदललं म्हणून थांबत नसे.

औताडे म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याचे जमीनवाले. पाटीलकी दुसऱ्यांकडे होती, पण ऐट औताड्यांकडे. त्यांच्याकडे गुरं राखायला मातंग वस्तीतला बन्सी होता, कारभारीच्याच वयाचा. रानात गेलं की बन्सी काटक्यांच्या जाळावर हलगी शेकायचा आणि वाजवायचा. कारभारी शिकला तो तिथं, खंदकापलीकडच्या माळावर, जिथं गुरांखेरीज कुणी ऐकत नव्हतं. एकदा पुंजारामनं ते पाहिलं आणि हलगी वाजवायच्या त्याच टिपरानं पोराला बडवला. "औताड्यांच्या घरात नांगर हाणत्यात, कातडं नाय," एवढंच तो म्हणाला. बन्सीला त्यानं काही केलं नाही. बन्सी वाजवतो याचा त्याला राग नव्हता. बन्सीनं वाजवायलाच पाहिजे होतं, नाहीतर औताड्यांच्या लग्नात काय वाजणार?

छावणीत तेव्हा रेबेलो नावाचे एक गोव्याचे बँडमास्तर होते. पलटण गेली, मास्तर मागं राहिले. त्यांच्याकडं वाद्यं होती, घालायला पांढरा कोट होता आणि तो घालून जायला जागा नव्हती. नवी पलटण आली, साहेबलोकांना शनिवारी नाचायला बँड हवा झाला आणि मास्तरांचं नशीब उघडलं. पण त्यांचा ड्रमवाला तोवर हैदराबादला निघून गेला होता. पेरूची गाडी घेऊन आलेला कारभारी मास्तरांच्या पडवीसमोर उभा राहून त्या ड्रमच्या सेटकडं बघत राहायचा. एकटा माणूस बसून वाजवणार, उजवा पाय मोठ्या ढोलावर, डावा झांजांवर, हात बाकीच्या पसाऱ्यावर. त्याला वाटलं, चार माणसांचं काम एकट्याकडून करून घ्यायची ही साहेबांची युक्ती असावी.

मास्तरांनी गमतीनं त्याला बसवलं. पाय गोंधळले, पण हातांनी जे काढलं ते ऐकून मास्तरांनी तोंडातली विडी खाली ठेवली. "किससे सीखा?" त्यांनी विचारलं. कारभारीनं सांगितलं, कुणाकडून नाही, आपसूक येतं. मास्तर खूश झाले. शिकवलेला पोरगा मिळण्यापेक्षा उपजत कलावंत सापडणं कधीही बरं, श्रेय सापडवणाऱ्याला मिळतं.

घरी कारभारीनं मिलिटरीत नोकरी लागल्याचं सांगितलं. पुंजारामनं गावभर पेढे वाटले. पुढं मेसला दूध घालणाऱ्या एका पाहुण्यानं खिडकीतून त्याला पाहिलं आणि येऊन वर्णन केलं, की कारभारी साहेबांच्या बरोबरीनं खुर्चीवर बसतो, अंगात पांढरा कोट आणि गळ्यात काळा पतंग बांधलेला. समोर काय होतं, ते खिडकीच्या उंचीमुळं त्याला दिसलं नव्हतं. तेवढ्या वर्णनावर वैजापूरकडच्या सारजाबाईचं स्थळ पक्कं झालं. मुलीकडच्यांना सांगितलं, मुलगा हापिसर नाही, पण हापिसर त्याच्या इशाऱ्यावर हलतात. यात खोटं काहीच नव्हतं.

सारजाबाईला खरं कळलं ते लग्नानंतर महिनाभरात. नवरा सकाळी उठून गुडघ्यावर रबराचा तुकडा ठेवून काड्यांनी तासन्‌तास टकटक करायचा. तिनं सासूला विचारलं, ही मिलिटरीतली कोणती कसरत? सासूबाईंनी डोळ्यांनीच तिला गप्प केलं. घरात सगळ्यांना माहीत होतं. औताड्यांचं म्हणणं एवढंच होतं, की पतंग बांधून वाजवलं तर ते वाजवणं होत नाही.

रेबेलो मास्तर मुंबईला गेले तेव्हा त्याला बरोबर घेऊन गेले. चर्चगेटच्या बाजूच्या एका रेस्टॉरंटात त्यांचा पाच जणांचा बँड बसला. तिथं कारभारीचा चार्ली झाला, कारण मालकाला कारभारी म्हणता येत नव्हतं आणि गिऱ्हाइकाला ऐकवत नव्हतं. औरंगाबादचा म्हटल्यावर मास्तर सोडून बाकीचे तिघे त्याला नवाबाचा नातलग समजले. त्यानं तेही नाकारलं नाही. पण वाजवायचा उत्तम. जाझमध्ये ठेका सरळ चालत नाही, जरा मागं रेलतो, हुलकावणी देतो आणि नेमका वेळेवर पोचतो. हे त्या गोव्याच्या पोरांना शिकायला वर्षं लागली. कारभारीला ते माळावरच आलेलं होतं. तिथं मात्र तो सांगायचा, की अमेरिकन रेकॉर्ड ऐकून ऐकून शिकलो.

मग रेस्टॉरंटात नाणं टाकलं की गाणं वाजवणारी पेटी आली. ती जेवत नव्हती, भांडत नव्हती आणि एकदा वाजवून पुन्हा तेच वाजवायला सांगितलं तरी तोंड वाकडं करत नव्हती. मालकानं बँडला निरोप दिला. रेबेलो मास्तर गोव्याला गेले आणि कारभारी मनमाडला गाडी बदलून, ड्रमच्या पेट्या डब्याच्या दारात रचून, औरंगाबादला परत आला. दौलताबादला न जाता तो छावणीतच सारजाबाईसह दोन खोल्यांत राहिला.

शहरात तेव्हा संगीताची एक सभा होती. तिचे चिटणीस श्रीधरपंत देवगावकर कॉलेजात शिकवायचे आणि संगीतातलं शहरानं काय ऐकावं हे ठरवायचे. कारभारी त्यांना भेटायला सभेच्या जागेवर गेला आणि दारातल्या गड्याला म्हणाला, जाझचा कार्यक्रम करायचाय. गड्यानं मान डोलावली, आत गेला आणि जाजम आणून अंथरलं. श्रीधरपंत आले तेव्हा कारभारी त्यावर एकटाच बसलेला होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, "हे पाहा औताडे, वाद्याला सूर लागतो. तुम्ही म्हणता ते वाद्य नव्हे, ती भांडी पडणं आहे." मग त्यांनी चहा दिला. श्रीधरपंत अपमान नेहमी चहा देऊन करायचे, म्हणून शहरात त्यांना सुसंस्कृत म्हणत.

पोटासाठी कारभारी शहागंजात बद्रीनाथच्या बँडमध्ये लागला. लाल कोट, सोनेरी फिती, लग्नाची वरात. पण हात गप्प बसेनात. एकदा गुलमंडीवरून वरात चालली असताना त्यानं ठेका असा मागं रेलवला, की पुढं नाचणाऱ्या वऱ्हाड्यांचे पाय एकमेकांत अडकले, घोडा आडवा झाला आणि नवरदेवाचा मामा खाली बसला. बद्रीनाथनं त्याला बाजूला घेतलं. "मास्तर, नवरदेव मंडपात पोचला पायजे. तुमच्या ठेक्यात तो माघारी निघालाय."

सत्तरच्या दशकात अजिंठा-वेरूळ बघायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी शहरात एक मोठं हॉटेल उघडलं आणि कारभारीला तिथं संध्याकाळचं काम मिळालं. जोडीला एक पियानोवाला आणि एक सॅक्सोफोनवाला. मॅनेजरची एकच अट होती, तिघांनी राजस्थानी फेटे बांधायचे, कारण पाहुण्यांना भारत दिसला पाहिजे. अमेरिकेचं संगीत, गोव्याचा पियानोवाला, दौलताबादचा ड्रमवाला आणि जयपूरचा फेटा, असा तो भारत रोज संध्याकाळी सूप पिणाऱ्या म्हाताऱ्या प्रवाशांपुढं वाजायचा. लेण्यांच्या पायऱ्या चढून दमलेले ते जीव ऐकता ऐकता पेंगायचे. कारभारी म्हणायचा, पेंगणारा माणूस निदान टाळी चुकीच्या जागी देत नाही.

अशात एका दिवाळीच्या सुमारास अमेरिकेच्या सरकारनं पाठवलेला एक जाझचा ताफा शहरात येणार, असं ठरलं. स्वागत समिती झाली. अध्यक्ष अर्थात श्रीधरपंत. भांडी पडण्याला आता सरकारी पत्र जोडलेलं होतं, त्यामुळं त्यांना त्यात सूर ऐकू येऊ लागला होता. समितीत कारभारीचा चुलत भाऊ नानासाहेब औताडेही होता. तो जिल्हा परिषदेवर निवडून आला होता आणि ज्या समितीत हार असतील तिथं असायचा. स्वागताला अस्सल काहीतरी हवं म्हणून नानासाहेबानं गावाकडून बन्सी आणि त्याच्या साथीदारांना हलग्या घेऊन बोलावलं. फाटकावर वाजवायचं, पाहुणे आत गेले की बाहेरच थांबायचं, असं त्यांना सांगितलेलं. कारभारीला कुणीच बोलावलं नव्हतं.

त्या ताफ्यातला ड्रमवाला आडदांड, खाण्याचा शौकीन. सकाळी दौलताबादला नेलं तेव्हा त्यानं सीताफळांची अख्खी पाटी रिचवली आणि वर लस्सी प्याला. दुपारी तो बिछान्यात होता आणि त्याची परत उठायची तयारी नव्हती. श्रीधरपंतांनी आधी एक तबलजी नेऊन दाखवला. ताफ्याचा म्होरक्या, पिकल्या केसांचा पियानोवाला, हात जोडून म्हणाला की हे फार सुंदर आहे, पण वेगळं आहे. तेव्हा कुणाला तरी हॉटेलातला फेटेवाला आठवला. श्रीधरपंत स्वतः गाडी घेऊन गेले. चहा न देता बोलायची त्यांच्यावर ही पहिलीच वेळ होती.

कारभारीनं फेटा काढून ठेवला, पेटीतला जुना पांढरा कोट घातला आणि गेला.

सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत नानासाहेब, त्याच्या शेजारी त्याच्यासारखेच. कार्यक्रम सुरू झाला आणि पहिल्या दोन गाण्यांत पिकल्या केसांच्या पियानोवाल्यानं तीनदा मान वळवून कारभारीकडं पाहिलं. तिसऱ्यात त्यानं बाकीच्यांना थांबवलं आणि कारभारीला एकट्याला सोडलं. मुंबईत शिकलेलं सगळं कारभारीनं वाजवून टाकलं. तेवढ्यानं वेळ सरेना. घाम डोळ्यांत उतरला. मग हातांनी त्याला न विचारता माळावरचा ठेका धरला, बन्सीचा, डाव्या काडीची बारीक तडतड आणि उजवीचा उशिरा पडणारा टोला. सभागृह ताठ बसलं. मागच्या रांगेतल्या पोरांनी तर शिट्ट्या मारल्या. अमेरिकन लोक उभे राहिले म्हणून पहिली रांगही उभी राहिली.

म्होरक्यानं माईकवर विचारलं, हे शेवटचं कुठून आणलंत? मी जगभर हिंडलो, हे ऐकलं नाही. श्रीधरपंतांनी सभागृहासाठी भाषांतर केलं. कारभारीनं समोर पाहिलं. नानासाहेब त्याच्याकडे बघत होता, अगदी पुंजारामच्या नजरेनं.

"आमच्या मास्तरांनी शिकवलं," कारभारी म्हणाला. "गोव्याकडचं हाय."

टाळ्या झाल्या. गोव्याला त्या रात्री औरंगाबादेत जेवढा मान मिळाला, तेवढा कधी मिळाला नसेल.

बाहेर फाटकाशी बन्सी बसलेला होता. दारं उघडी होती, आतलं सगळं त्याला ऐकू आलं होतं. कारभारी हारासकट त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"बरं केलंस," बन्सी म्हणाला. "माझं नाव घेतलं असतंस तर कोट धुवायला टाकावा लागला असता."

तो हलगी काखेत मारून नानासाहेबाच्या जीपच्या मागच्या बाजूला जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशीच्या स्थानिक पेपरात बातमी आली. त्यात श्रीधरपंतांचं भाषण होतं, नानासाहेबाचं सहकार्य होतं आणि शेवटच्या ओळीत छापलं होतं, की कार्यक्रमाचे कारभारी श्री. औताडे यांनी व्यवस्था चोख ठेवली. श्रीधरपंतांना कारभारीनं विचारलं तर ते म्हणाले, मुद्रणदोष आहे, पण अर्थ वाईट नाही. सारजाबाईला त्यानं बातमी वाचून दाखवली. ती म्हणाली, "तुमी लोकांना बन्सीभाऊचं नाव सांगितलं नाय, लोकांनी तुमचं सांगितलं नाय. बराबर झालं की." आणि ती भाकऱ्या थापू लागली.

कारभारीला त्या वाक्यानंतर काही दिवस हॉटेलात वाजवता येईना. ठेका चुकत नव्हता, पण प्रत्येक टोल्याला त्याला वाटायचं की कुणीतरी फाटकाशी बसून ऐकतंय. शेवटी एक दिवस तो बसनं दौलताबादला गेला. औताड्यांच्या घरी न जाता सरळ बन्सीच्या वस्तीत गेला आणि भर दुपारी त्याच्या अंगणातल्या बाजेवर बसला. बन्सीची बायको आशाबाई पाणी द्यायला कचरली. त्यानं मागून घेतलं. नानासाहेबाची जीप रस्त्यावरून गेली, थोडी पुढं जाऊन हळू झाली आणि मग निघून गेली.

हॉटेलात माझ्याबरोबर वाजवायला ये, असं कारभारी म्हणाला. बन्सीनं हलगीवरची धूळ पुसली. मग म्हणाला, "येतो. पण तिथं कुणी इचारलं हे कुठलं, तर मी सांगणार. तू मधी बोलायचं नाय."

मॅनेजरला कल्पना पसंत पडली. फक्त त्याला वाटलं, की बन्सीनं उघड्या अंगानं, डोक्यात मोराची पिसं खोवून वाजवावं, पाहुण्यांना ते जास्त अस्सल वाटेल. बन्सी म्हणाला, "सायेब, मी मातंग हाय. मोर नाय." त्याला कोट हवा होता, कारभारीच्याच कापडाचा. शहागंजातल्या शिंप्याकडून तो शिवून घेतला. फेटे मात्र दोघांच्याही डोक्यावर चढले. त्यात भेदभाव नव्हता.

दर शनिवारी ते दोघं वाजवू लागले. आता पाहुणे पेंगत नव्हते. वाजवून झालं की कुणीतरी हटकून विचारायचं, हा ठेका कुठला? बन्सी पुढं यायचा आणि मराठीत सांगायचा, की ही आमच्या घरातली हलगी, माझा बाप वाजवायचा, आणि ह्या कारभारीला ती म्या शिकवली, माळावर, लपून, कारण ह्याचा बाप ह्याला मारायचा. पाहुण्यांना मराठी येत नसे. मुंबईत इंग्रजी शिकलेला कारभारीच भाषांतर करायचा. त्यामुळं ते सगळं त्याला आपल्या तोंडानं इंग्रजीत सांगावं लागायचं, दर शनिवारी, उभं राहून. पहिल्यांदा त्यानं बापाचा मार गाळला. बन्सीला इंग्रजी येत नव्हतं, पण वाक्य लहान झालेलं कळत होतं. "सगळं सांग," तो म्हणाला. पुढं कारभारी सगळं सांगू लागला आणि नंतर नंतर रंगवूनही सांगू लागला, इतका, की बन्सीलाच त्याला आवरावं लागायचं.

औताड्यांच्या घरी हे पोचलं. इतकी वर्षं वाजवलं तेव्हा कुणी काही म्हटलं नव्हतं, आता नानासाहेबाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका छावणीत आली नाही. कारभारीचा गुन्हा वाजवण्याचा नव्हता, सांगण्याचा होता.

काही वर्षांनी कारभारीचा उजवा गुडघा गेला. मोठ्या ढोलाचा पाय दाबता येईना. हॉटेलनंही तोवर गझला गाणारा एक तरुण आणला होता. पाहुण्यांना नाही, पण शहरातल्या बिल्डरांना तो आवडत होता आणि सूप आता बिल्डरच पीत होते. श्रीधरपंत निवृत्त झाले होते, तेही अधूनमधून पुढच्या टेबलावर दिसायचे. बन्सी आणि कारभारीला शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला गेला. शाली दोन होत्या, नारळ एकच होता. बन्सीनं तो तिथंच फोडून वाटला.

त्या पोळ्याला कारभारी दौलताबादला गेला. बैलांची मिरवणूक निघायची वेळ झाली, हलगीवाले वेशीत उभे राहिले, आणि कारभारी बन्सीच्या शेजारी जाऊन उभा राहिला. बन्सीनं एक हलगी त्याच्या हातात दिली. हलगीला गुडघा लागत नाही. दोघांनी सुरू केलं. गावानं आजवर कधी औताड्याला बैलांपुढं वाजवताना पाहिलं नव्हतं. नानासाहेब शिंगांना बेगड लावलेली आपली बैलजोडी घेऊन आला आणि जागीच थांबला.

"कारभारी, हे ठेव," तो खालच्या आवाजात म्हणाला. "हाटेलात वाजवलंस, आमी बोललो नाय. हितं नको."

कारभारी वाजवत राहिला. नानासाहेबानं बैल अडवले, तशी मागची सगळी रांग अडली. मागून शेतकरी ओरडू लागले, की दिवस बुडतोय. बैलांना औताड्यांच्या इभ्रतीची कल्पना नव्हती. ते हलगीच्या आवाजाला चालायला शिकलेले होते, दावं ओढून ते आपले चालू लागले, आणि नानासाहेबाला त्यांच्यामागं जावं लागलं.

मिरवणूक झाली की वाजवणाऱ्यांना घरोघर पुरणपोळी मिळते. दारात उभं राहायचं, फडकं पसरायचं, वरून पोळी पडते. औताड्यांच्या दारात नानासाहेबाची बायको द्वारकाबाई पोळ्यांची परात घेऊन आली आणि कारभारीला बघून गडबडली.

"भावजी, तुमी आत या ना. पाट मांडते."

"वाजवणाऱ्यांना आत घेत नाहीत वयनी," कारभारी म्हणाला. "समद्यांना घेणार असाल तर येतो."

द्वारकाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. नानासाहेब बैलांच्या गळ्यातल्या माळा सोडवण्यात फारच गुंतलेला होता. तिनं मग बन्सीच्या फडक्यात पोळी टाकली, हात वर ठेवून, नेहमीसारखी. आणि तशीच, तेवढ्याच उंचीवरून, कारभारीच्या.

छावणीत परत आल्यावर त्यानं ती पोळी सारजाबाईपुढं ठेवली. ती म्हणाली, गार झालीय आणि पुरणही कमी भरलंय. कारभारीनं अर्धी तिला दिली आणि अर्धी स्वतः खाल्ली. मुंबईनं त्याला चार्ली केलं होतं, हॉटेलनं राजस्थानी आणि पेपरानं व्यवस्थापक. औताड्यांनी मात्र उशिरा का होईना त्याला वाजवणारा म्हणून मान्य केलं, असं तो पुढं छावणीत कुणालाही सांगायचा. आणि सांगताना त्याला खरंच हसू यायचं.